रीफर कंटेनर माल थंड करीत नाही!

बदलापूर, प्रतिनिधी

जून उजाडला की बदलापूर स्थानकाच्या परिसरात टोपल्या घेऊन बसलेल्या आदिवासी महिलांकडे जांभळांचे ढीग दिसू लागतात. मांजर्लीसह या परिसरात गेल्या काही वर्षांत इमारतींची दाटी झाली आणि जांभळाची अनेक जुनी झाडे त्यात गेली. तरीही बदलापूरच्या जांभळाचे नाव टिकून आहे आणि त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. मानांकनापाठोपाठ निर्यातीचा विचार मनात येणे साहजिकच. न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर, म्हणजे देशातील एक प्रमुख कंटेनर बंदर, इथून जेमतेम पन्नास-साठ किलोमीटरवर आहे. नाशिकची द्राक्षे सुमारे दोनशे किलोमीटरचा रस्ता तुडवत, कसारा घाट उतरून याच बंदरातून नेदरलँड्सला जातात. मग बंदराच्या उंबरठ्यावर पिकणारे जांभूळ का जाऊ नये?

या प्रश्नाचे अर्धे उत्तर जांभळात आहे आणि उरलेले अर्धे, ज्या पेटीतून ते जायचे त्या पेटीत. ही पेटी ठाणे जिल्ह्यातील वाचकांच्या रोजच्या पाहण्यातली आहे. मुंब्रा वळणरस्त्यावर किंवा शिळफाट्याला वाहतूक तुंबली की ट्रेलरच्या रांगेत एखादा पांढराशुभ्र कंटेनर उभा असतो. त्याच्या पुढच्या तोंडाला पंखे आणि जाळ्या असलेले यंत्र बसवलेले असते आणि गाडी थांबली तरी त्या यंत्राची घरघर थांबत नाही. हा रीफर कंटेनर. पांढरा रंग उन्हाची उष्णता परतवण्यासाठी; भिंतींच्या पोटात पॉलियुरेथेन फोमचा जाड थर. जानेवारी ते एप्रिल या काळात त्यात बहुधा द्राक्षे असतात. एरवी केळी, डाळिंबे, गोठवलेले मांस, मासळी किंवा भाजीपाला.

शीतगृह नव्हे, थर्मास

या पेटीविषयी एक गैरसमज सार्वत्रिक आहे. घरातल्या फ्रिजमध्ये कोमट दूध ठेवले की काही वेळाने ते थंड होते. तसेच कंटेनरमध्ये माल भरला की तो वाटेत आपोआप थंड होईल, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात रीफर कंटेनर माल थंड करण्यासाठी बांधलेला नसतो. आधीच थंड केलेला माल त्याच तापमानाला राखून ठेवणे, एवढेच त्याचे काम. फ्रिजपेक्षा त्याचे नाते थर्मासशी अधिक जवळचे आहे, असे म्हटले तरी चालेल.

साधा हिशेब करून पाहावा. युरोपला जाणाऱ्या चाळीस फुटी कंटेनरमध्ये साधारण १२ ते १४ टन द्राक्षे बसतात. १३ टन द्राक्षे बागेतल्या ३० अंश सेल्सियसवरून शून्यावर आणायची, तर त्यांतून जवळजवळ ४०० युनिट एवढी उष्णता काढून घ्यावी लागते. कंटेनरच्या यंत्राची ताकद मुळातच बेताची. भिंतींतून झिरपणारी उष्णता आणि फळांच्या श्वसनातून निर्माण होणारी उष्णता बाहेर टाकण्यातच त्यातली बरीचशी खर्ची पडते. शिवाय खोकी एकमेकांना घट्ट भिडलेली असल्याने थंड वारा आतल्या फळांपर्यंत सावकाश पोहोचतो. परिणामी गरम भरलेला माल थंड व्हायला कित्येक दिवस लागतात, आणि तोवर व्हायचे ते नुकसान होऊन गेलेले असते.

कारण तोडलेले फळ जिवंत असते. ते प्राणवायू घेते, कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ सोडते, साठवलेली साखर जाळते. तापमान दहा अंशांनी वाढले की श्वसनाचा हा वेग दुप्पट-तिपटीने वाढतो. बागेच्या उन्हात पडून राहिलेल्या क्रेटचा एक तास म्हणजे शीतगृहातल्या आयुष्याचा जवळजवळ एक दिवस.

म्हणूनच द्राक्षाच्या निर्यातीत सर्वांत मोलाची जागा आहे ती पॅकहाऊसमधील प्रीकूलिंगची खोली. काढणी सकाळच्या थंड वेळेत उरकायची, घड सावलीत आणायचे, खराब मणी कात्रीने काढून टाकायचे, प्रतवारी करून खोकी भरायची आणि काही तासांच्या आत ती प्रीकूलिंगला लावायची. तेथे मोठे पंखे खोक्यांच्या छिद्रांतून थंड हवा जोराने खेचतात. सहा ते आठ तासांत मण्याच्या गराचे तापमान शून्याच्या आसपास येते. खोक्यात सल्फर डायऑक्साइड सोडणारा कागदी पॅड ठेवलेला असतो; करडी बुरशी त्यामुळे आवरली जाते. त्यानंतर माल शीतगृहात आणि तेथून कंटेनरमध्ये. कंटेनरवर तापमान लावले जाते ते शून्य किंवा उणे अर्धा अंश. द्राक्षात साखर भरपूर असल्याने या तापमानालाही ते गोठत नाही.

युरोपातील खरेदीदार पेटी उघडल्यावर आधी काय पाहतो, तर मणी नव्हे, देठ. देठ हिरवा असेल तर माल ताजा. तपकिरी झाला असेल तर मणी कितीही टपोरे असोत, भाव पडतो. घडातले पाणी दोन-तीन टक्क्यांनी कमी झाले तरी देठ सुकू लागतो, आणि हे पाणी बहुतेक वेळा समुद्रावर नव्हे, तर निफाड किंवा दिंडोरीच्या बागेतून पॅकहाऊसपर्यंत येतानाच उडून गेलेले असते. तीन-चार आठवड्यांनी रॉटरडॅमला जे दिसते, त्याचा निकाल पहिल्या सहा तासांत लागलेला असतो तो असा.

कप्तान नळीत अडकला

थंडी निर्माण करण्याइतकेच ती सर्वत्र पोहोचवणे अवघड, हा धडा या धंद्याने पहिल्याच फेरीत गिरवला. १८३०च्या दशकात अमेरिकेतील बोस्टनहून गोठलेल्या तळ्यांचा बर्फ भुशात गुंडाळून कलकत्ता आणि मुंबईला जहाजाने येत होता. यंत्राने थंडी करून अन्न नेण्याचा प्रयोग त्यानंतर चार दशकांनी झाला. १८७६ साली चार्ल्स टेलिए या फ्रेंच अभियंत्याचे 'फ्रिगोरिफिक' हे जहाज मांस घेऊन रुआँहून अर्जेंटिनाला गेले. पण व्यापाराच्या दृष्टीने कायापालट घडवला तो 'डुनेडिन' या शिडाच्या जहाजाने. १५ फेब्रुवारी १८८२ रोजी न्यूझीलंडच्या पोर्ट चाल्मर्सहून सुमारे पाच हजार मेंढ्यांचे गोठवलेले मांस घेऊन ते निघाले आणि ९८ दिवसांनी लंडनला पोहोचले.

वाटेत उष्ण कटिबंधात कप्तान जॉन व्हिटसन यांच्या लक्षात आले, की यंत्र चालू असूनही गार हवा मालात नीट फिरत नाही. ते स्वतः हवेच्या मुख्य नळीत सरपटत शिरले आणि हवेला वाट करून देण्यासाठी तिला भोके पाडू लागले. थंडीने त्यांचे अंग इतके आखडले, की पायाला दोरी बांधून त्यांना बाहेर ओढावे लागले. माल मात्र वाचला.

आजच्या कंटेनरमध्ये कप्तानाला नळीत शिरावे लागत नाही, पण प्रश्न तोच आहे. यंत्रातून निघालेली गार हवा खाली, इंग्रजी टी अक्षराच्या आकाराच्या पट्ट्यांच्या जमिनीतून दरवाजापर्यंत धावते, मालातून वर चढते आणि छताखालून पुन्हा यंत्राकडे परतते. कंटेनरच्या आतल्या भिंतीवर वर एक लाल रेघ असते. तिच्यावर माल रचू नये, कारण तेवढी पोकळी हवेच्या परतीची वाट आहे. भाड्याचे पैसे वसूल करण्यासाठी 'आणखी दोन थर' चढवण्याचा मोह इथेच नडतो. दरवाजाजवळ जमीन उघडी राहिली तर हवा मालात न शिरता तिथूनच वर निसटते. खोक्यांच्या तळाची आणि वरची छिद्रे एकावर एक आली नाहीत तर मधले खोके उबून जाते. बाहेरच्या फलकावर आकडा अगदी बरोबर दिसत असतो आणि आत मात्र माल सडत असतो.

प्रत्येक फळाचा आकडा वेगळा

जितके थंड तितके चांगले, हाही असाच एक भ्रम. केळ्याला १३ ते साडेतेरा अंशांखाली नेले की साल काळवंडते आणि ते नीट पिकत नाही. हापूस आंबाही १२-१३ अंशांखाली कुरकुरतो. डाळिंबाला पाच ते सात अंश मानवतात. म्हणजे एकाच कंटेनरमध्ये द्राक्षे आणि केळी भरणे शक्य नाही. त्यात पिकणारे फळ इथिलीन वायू सोडते आणि शेजारच्या फळाला पिकायला लावते. त्यामुळे मिश्र माल भरणाऱ्याने हिशेब दहादा तपासावा. काही कंटेनरमध्ये प्राणवायूचे प्रमाण २१ टक्क्यांवरून दोन ते पाच टक्क्यांवर आणून फळाला जणू झोपवले जाते. आंबा आणि केळीच्या लांबच्या प्रवासाची भिस्त या नियंत्रित वातावरणावर बरीच आहे.

आकड्याच्या चुका या व्यवसायात जितक्या क्षुल्लक कारणाने होतात तितक्याच महागात पडतात. आरक्षणाच्या कागदावर 'उणे १८' मधील उणेचे चिन्ह राहून गेले तर गोठवलेला माल अधिक १८ अंशांत निघतो. अमेरिकेशी व्यवहार असेल तर सेल्सियस आणि फॅरनहाइटचा घोळ. म्हणून जाणकार निर्यातदार तापमान अंकांबरोबर अक्षरांतही लिहून घेतात.

शेवटचा दुवा विजेचा. शेतापासून बंदरापर्यंत ट्रेलरवर लावलेला डिझेल जनरेटर यंत्राला वीज पुरवतो. बंदरात आणि जहाजावर कंटेनर प्लगला जोडावा लागतो. घाटात जनरेटर बंद पडला किंवा धक्क्यावर प्लग मिळायला उशीर झाला तर नीट थंड केलेला माल तास-दोन तास निभावून नेतो. चांगल्या फोमचा तेवढा उपयोग आहे. कोमट माल मात्र निभावत नाही.

दहा दिवस वाढले तेव्हा

या साऱ्याची परीक्षा अलीकडेच झाली. नोव्हेंबर २०२३पासून तांबड्या समुद्रात व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि बड्या कंपन्यांनी सुवेझ कालव्याचा मार्ग सोडून आफ्रिकेला वळसा घातला. न्हावा-शेवा ते रॉटरडॅम या वाटेत चार हजारांहून अधिक सागरी मैलांची भर पडली. एरवी तीन-साडेतीन आठवड्यांत पोहोचणारा माल २०२४च्या हंगामात पाच-सहा आठवडे समुद्रावर राहिला. भाडे वाढले ते वेगळेच.

२०२३-२४ या वर्षात भारतातून सुमारे ३.४ लाख टन द्राक्षे निर्यात झाली. किंमत सुमारे साडेतीन हजार कोटी रुपये. यातला सिंहाचा वाटा महाराष्ट्राचा, आणि त्यातही नाशिकचा. एवढ्या मालासाठी प्रवासाचे जास्तीचे दहा-पंधरा दिवस म्हणजे काय, हे समजायला हरकत नसावी. काढणीला दोन तास उशीर किंवा प्रीकूलिंगमध्ये दोन अंशांची सवलत, हे तीन आठवड्यांच्या प्रवासात एक वेळ खपून जात होते. सहा आठवड्यांच्या प्रवासात खपण्याजोगे नव्हते. जहाज लांबले, यात शेतकऱ्याचा किंवा निर्यातदाराचा काही दोष नाही; पण माल टिकवण्याचे जे काही करायचे ते जहाज सुटण्यापूर्वीच करता येते.

द्राक्षाचे हे शास्त्र महाराष्ट्राने सहज मिळवलेले नाही. १९९१ साली द्राक्ष उत्पादक सहकारी संस्थांची 'महाग्रेप्स' ही संघटना कृषी पणन मंडळाच्या पाठबळावर उभी राहिली, तेव्हा सुरुवातीच्या वर्षांत युरोपात नापसंत झालेल्या मालातूनच प्रीकूलिंगचे आणि वेष्टनाचे धडे घेतले गेले. २००६मध्ये 'अपेडा'ने 'ग्रेपनेट' सुरू करून प्रत्येक खोक्याचा माग बागेपर्यंत काढण्याची सोय केली. २०१०मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाच्या अंशावरून भारतीय द्राक्षे युरोपात अडकली. त्या वेळी थंडी चोख असूनही उपयोग झाला नाही. कंटेनर मालाचे तापमान राखतो, बागेतली फवारणी धुऊन काढत नाही.

इतर फळे आता द्राक्षाच्या मागोमाग चालली आहेत. सोलापूर जिल्ह्यातील करमाळा भागाची केळी आखाती देशांत समुद्रमार्गे जातात. तो प्रवास थोड्या दिवसांचा. युरोपसाठी मात्र नोव्हेंबर २०२३मध्ये बारामतीहून प्रायोगिक कंटेनर नेदरलँड्सला रवाना झाला. अमेरिकेला विकिरण केलेला आंबा विमानाऐवजी जहाजाने पाठवण्याचा प्रयोग २०२२च्या जूनमध्ये झाला. २०२५च्या मार्चमध्ये भगवा डाळिंबाचा सुमारे १४ टनांचा कंटेनर पाच आठवड्यांचा प्रवास करून न्यूयॉर्कला पोहोचला. विमानाच्या तुलनेत जहाजाचे भाडे किलोमागे कितीतरी कमी असल्याने आकर्षण मोठे आहे. आणि दाट सालीचे डाळिंब हे या प्रवासासाठी मुळातच सोशिक फळ आहे.

मग जांभळाचे काय?

जांभूळ सोशिक नाही. त्याची साल पातळ, गर मऊ, आणि झाडावर पूर्ण पिकल्याखेरीज त्याला चव येत नाही. केळी-आंब्यासारखे कच्चे तोडून परदेशी पिकवता येत नाही. फांद्या हलवून खाली पाडलेल्या फळाला खरचटतेच. साध्या हवेत दोन-तीन दिवसांत त्याला पाणी सुटते. त्यात हंगाम महिनाभराचा आणि ऐन पावसाच्या तोंडावरचा. झाडे विखुरलेली, एक कंटेनर भरेल एवढा माल एका दिवशी एका ठिकाणी गोळा होणे कठीण, आणि तो सहा तासांत थंड करायला इथे प्रीकूलिंगची सोय लागेल. ताजे जांभूळ जायचेच तर विमानाने, थोडे आणि महाग. रीफर कंटेनर हा त्याचा मार्ग दिसत नाही.

गोठवलेल्या जांभळाची गोष्ट मात्र निराळी. ताज्या मालात कंटेनरची हवा फळांच्या आरपार जावी लागते, कारण फळ उष्णता निर्माण करते. गोठवलेला माल श्वास घेत नाही. त्याची खोकी एकमेकांना घट्ट चिकटवून रचतात आणि गार हवा त्या ढिगाच्या भोवतीने फिरते, एवढे पुरते. अट एकच: माल कंटेनरमध्ये चढण्यापूर्वीच उणे १८ अंशांवर पोहोचलेला हवा. तोही झपाट्याने, उणे ३५-४० अंशांच्या वाऱ्यात. सावकाश गोठवले तर पेशींतील पाण्याचे मोठे, टोकदार स्फटिक बनतात, पेशी फाटतात आणि वितळल्यावर फळाचा लगदा होतो. झपाट्याने गोठवले तर स्फटिक बारीक राहतात. दुबई, लंडन, न्यू जर्सीच्या भारतीय दुकानांत मराठी कुटुंबे भेंडी, शेवग्याच्या शेंगा, पुरणपोळ्या आणि गणपतीत उकडीचे मोदकही गोठवलेले विकत घेतात, ते याच वाटेने तिथवर आलेले असतात. जांभळाचा बी काढलेला गर या वाटेने जाऊ शकतो. त्यात फळाचा आकार टिकवण्याची चिंता नाही, महिनाभराचा हंगाम वर्षभर विकता येतो आणि कंटेनर दुसऱ्या मालाबरोबर वाटून घेता येतो, कारण गोठवलेल्या बहुतेक मालाचे तापमान एकच असते.

हा उणे १८चा आकडाही, गंमत म्हणजे, निसर्गाने ठरवलेला नाही. शून्य अंश फॅरनहाइट म्हणजे उणे १७.८ सेल्सियस, गोल आकडा म्हणून तो रूढ झाला. उणे १५ अंशही बऱ्याच पदार्थांना पुरतील आणि इंधन वाचेल, असा आग्रह धरणारी काही जहाज कंपन्या आणि शीतसाखळी व्यावसायिकांची आघाडी २०२३मध्ये उभी राहिली. मात्र कायदे आणि करार उणे १८वर बेतलेले असल्याने निर्यातदाराने आपल्या मनाने आकडा बदलू नये.

नुकसान कोणाचे?

समजा, रॉटरडॅमला कंटेनर उघडला आणि माल सडलेला निघाला. पैसे कोणाचे बुडतात? कंटेनरचे यंत्र प्रवासभर आत जाणाऱ्या आणि परतणाऱ्या हवेचे तापमान ठराविक वेळाने नोंदवून ठेवते. सर्वेक्षक ती नोंद काढतात. यंत्रातून निघणारी हवा सतत शून्यावर आणि परतणारी हवा मात्र पहिले चार-पाच दिवस आठ-दहा अंशांवर, असा आलेख दिसला तर अर्थ उघड होतो. यंत्र चोख चालले, माल गरम भरला गेला. मग जहाज कंपनी हात वर करते आणि विम्याचा दावाही बहुधा अडतो. खरेदीदार भाव पाडतो, निर्यातदार ती कपात मागे ढकलतो. विक्री झाल्यावर हिशेब, असा व्यवहार ठरलेला असेल तर ती कपात अखेर बागायतदाराच्या हिशेबात उतरते. त्याने माल देऊन तोवर महिना-दीड महिना झालेला असतो, आणि बागेतून माल निघाला तेव्हा तो कोणत्या तापमानाचा होता, हे सांगणारा एकही कागद त्याच्याजवळ नसतो.

हा कागद मिळवणे अवघड नाही. कंटेनर भरताना सळईसारखा तापमापक खोक्यातल्या फळात खुपसून गराचे तापमान पाहण्याची पद्धत आहे. ते पुढच्या, मधल्या आणि दरवाजाजवळच्या खोक्यांत पाहावे लागते. त्या आकड्यांची, वेळेची आणि कंटेनर क्रमांकाची नोंद करून पॅकहाऊसच्या सहीनिशी एक प्रत मागून घेता येते. खोक्यांच्या मधोमध ठेवता येणारे छोटे तापमान-नोंदक यंत्रही बाजारात मिळते, आणि कंटेनरभर द्राक्षांच्या किमतीपुढे त्याची किंमत नगण्य आहे.